फायटर माशाच्या पाण्याची पाळी



उसाचे पाणी आणि खत यांवर आपण या पानांतून नेहमीच बोलतो. आजचा विषय घरातल्या माशाचा आहे. पण तोही शेवटी पाण्याचा आणि नत्राचाच आहे.

दिवाळीत आमच्या नातवाने निळा फायटर मासा आणला आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सोडला. "आजोबा, ह्याला हवेचं मशीन लागत नाही, दुकानदार म्हणाला." दुकानदार खोटं बोलला नव्हता, पण अर्धंच बोलला होता. मी रोज बरणी घासून लख्ख करायचो, नळाचं ताजं पाणी भरायचो. बाराव्या दिवशी मासा तळाला गेला. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही. चूक माझी होती. ती तुमच्या घरी होऊ नये म्हणून हे लिहितो.

फायटर म्हणजे बेट्टा हा मूळचा थायलंडकडचा. भातखाचरांत, संथ उथळ पाण्यात राहणारा. थायलंडने २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. कल्ल्यांखेरीज डोक्यातल्या एका खास इंद्रियाने तो वरची हवा घेतो, म्हणून बरणीतही तगतो. पण तगणं वेगळं आणि नांदणं वेगळं.

खरा घात अमोनिया करतो. तो माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात साठतो. रानात युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो, मग जमिनीतले जीवाणू त्याचे नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट करतात. टाकीतही तेच चालते. हे जीवाणू वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करतात. ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. मी मात्र बरणी रोज घासून ती बसूच देत नव्हतो, वर नळाचं क्लोरीन माशाच्या कल्ल्यांवर!

तेव्हा एवढे पाळावे :

१. टाकी निदान २० लिटरची असावी. दोन नर एकत्र ठेवू नयेत. जीव जाईपर्यंत भांडतात.

२. फिल्टर मंद धारेचा घ्यावा. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. साबण नकोच.

३. आठवड्यातून एकदा फक्त पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे औषध बाटलीवरच्या प्रमाणात घालावे.

४. पाणी २४ ते २८ अंशांत राहावे. थंडीत लहान हीटर लावावा. एकदम गार पाणी ओतू नये.

५. खाद्य दिवसातून दोनदा, दोन-तीन दाणेच. उरलेले लगेच काढावे.

६. टाकीवर झाकण हवे, मासा उडी मारतो. पण वर चार बोटं हवा मोकळी ठेवावी.

७. फवारणी करून आल्यावर तसाच हात टाकीत घालू नये.

८. नकोसा झाला म्हणून मासा ओढ्यात, विहिरीत सोडू नये.

दुसऱ्या खेपेला आम्ही आधी टाकी मांडली. रोज चिमूटभर खाद्य टाकून दोन महिने पाणी मुरू दिलं, दुकानातल्या तपासणी-संचाने अमोनिया उतरल्याची खात्री केली आणि संक्रांतीनंतर मासा आणला. आता तो पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो.

नातवाने कारखान्याच्या दिनदर्शिकेवर दर रविवारी लाल पेनाने 'पाणी' असं लिहून ठेवलंय. पाळी चुकली तर तोच मला ओरडतो.