वहीत उतरलेले घर

अहमदाबादेस गेल्यावर भद्रकालीचे दर्शन घेतल्यावाचून परतायचे नाही, हा आमच्या घरातील जुना प्रघात. भद्राच्या किल्ल्यातील हे देवस्थान मराठी अंमलातले. १७५८ पासून १८१७ पर्यंत, मधली दोन-तीन वर्षे वगळता, त्या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा समाईक अंमल होता. पेशव्यांचा कारभार भद्रातून चाले, तर गायकवाडांचे ठाणे रायखडातील हवेलीत असे. त्यामुळे बडोदेकर मराठी माणसास ते शहर अगदीच परके वाटत नाही.

१४११ मध्ये अहमदशहाने वसविलेल्या या नगरास पुढे महमूद बेगड्याने तट बांधला. त्याचा घेर सुमारे दहा किलोमीटर असून त्याला बारा दरवाजे होते. या तटाची एक गोष्ट मोठी मौजेची आहे. १८३० नंतरच्या दशकात ढासळत चाललेल्या तटाच्या डागडुजीसाठी तूप आदी मालावर लहानसा कर बसविण्यात आला. त्या निधीची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींतूनच पुढे शहराची नगरपालिका आकारास आली. आणि विसाव्या शतकात वाढत्या वस्तीसाठी तोच तट बहुतांशी पाडला, तोही नगरपालिकेनेच! दिल्ली दरवाजा, रायपूर, आस्टोडिया असे काही दरवाजे आज वाहनांच्या गर्दीत एकटे उभे आहेत.

तट गेला, परंतु आतील पोळा राहिल्या. पोळ म्हणजे एका दरवाज्याआड वसलेली गल्ली: चौकात पक्ष्यांसाठी चबुतरा, घराच्या पोटात पावसाचे पाणी साठविण्याचे टाके, आणि सागवानी सांगाड्यात विटा भरून उभारलेली दुमजली-तिमजली घरे. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने या नगरास जागतिक वारशाचा दर्जा दिला. हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर. मशिदी आणि दरवाजे यांना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण तरी असते. ज्या घरात चूल पेटते, त्याचा राखणदार कोण?

या कामी तरुणांचा हात लागला तो १९९७ पासून. त्या वर्षी १९ नोव्हेंबरला महानगरपालिकेने काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची सकाळची पदयात्रा सुरू केली. लांबेश्वरच्या पोळेतील कवी दलपतराम यांच्या घराची जागा, हाजा पटेलांच्या पोळेतील काळा रामजी, माणेक चौक अशी ती वाट आहे. २००८ पासून युनेस्कोनेही जगभरच्या वारसास्थळी तरुण स्वयंसेवकांची शिबिरे भरविण्याचा उपक्रम चालविला आहे.

हे वाचून आमच्या शाळेतील नववीची चौदा मुले उत्साहाने अशाच कामास निघाली, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून आगळीक होता होता राहिली. एका घराच्या नक्षीदार खांबावरील काजळी पाहून दोघांनी तारेचा ब्रश काढला. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या वृद्ध सुताराने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. मऊ कुंचल्याने धूळ झाडा, म्हणाला, खरवडलात तर आधी नक्षीच जाईल. मग त्याने भिंतीचा खालचा भाग दाखविला. जुना चुना ओल बाहेर टाकतो. वरून सिमेंट थापले की ती ओल आतच कोंडते, लाकडाकडे वळते, आणि मागोमाग वाळवी येते. घर वाचविण्याच्या हौसेने लोक सिमेंट लावतात आणि त्यानेच घर खचते, हे मुलांना पुस्तकातून कधी कळले नसते.

तेव्हा मुलांनी हत्यारे बाजूला ठेवली आणि मोजपट्टी घेतली. किती खण, कुठे किती तुळया, कोणत्या कोपऱ्यात गळती, टाके वापरात आहे की बुजविले, हे सारे वहीत उतरू लागले. अप्रशिक्षित हातांनी याहून अधिक काही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरमालकीण बा मुलांना पाणी देत, पण एकदा त्यांनी विचारले, "तुम्ही पाटी लावाल, की माझा जिना दुरुस्त कराल?" मुले गप्प झाली. मलाही उत्तर सुचले नाही. मुलगे शहराच्या नव्या भागात राहावयास गेलेले, वाटण्या झालेल्या, भाडेकरू वर्षानुवर्षे तेच जुने भाडे देणारे. वारसा म्हणून नोंद झालेल्या घराच्या मालकास न वापरलेला बांधकाम-हक्क अन्यत्र विकता येतो, ही सोय महानगरपालिकेने केली आहे खरी. परंतु त्यासाठी सर्व वारसांच्या सह्या लागतात, आणि बांच्या घरी त्या एका कागदावर कधी आल्या नव्हत्या.

पुढच्या खेपेस आम्ही चार महिन्यांनी गेलो. घराला कुलूप होते. खालच्या मजल्यावर कापडाचे गठ्ठे रचलेले होते आणि नक्षीचा खांब जागेवर नव्हता. तेथे लोखंडी नळ उभा करून त्यावर तुळई टेकविली होती. बा थोरल्याकडे गेल्याचे सुताराने सांगितले. खांब कोणी नेला, हे त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

परतताना गाडीत एका मुलीने वही उघडली. खांबाची उंची, घेर, कमळाच्या पाकळ्यांची संख्या, सारे तिच्या हस्ताक्षरात होते. शेजारच्या मुलाने पाकळ्या पुन्हा मोजल्या. त्याच्या वहीत एक कमी होती. कोणाची मोजणी बरोबर, यावरून आणंद येईपर्यंत दोघांचा वाद चालला होता.