‘फीव्हर पिच’: खेळपट्टी नव्हे, तीव्रता

अंतिम सामन्यापूर्वी किंवा मतदानाच्या तोंडावर इंग्रजी बातम्यांत ‘फीव्हर पिच’ हा वाक्प्रचार हमखास आढळतो. क्रिकेटप्रेमी वाचकास खेळपट्टी आठवणे स्वाभाविक आहे. परंतु येथे ‘पिच’ म्हणजे पातळी, तीव्रता. ज्वर चढावा तशी जमावाची भावना टोकाला गेली, एवढाच त्याचा अर्थ. निक हॉर्नबी यांनी आर्सेनल या फुटबॉल संघाच्या वेडावरील आपल्या १९९२ च्या पुस्तकास हेच नाव देऊन मैदान आणि तीव्रता असा श्लेष साधला. मराठीत ‘शिगेला पोहोचणे’ त्यास चपखल बसते. शीग म्हणजे मापाच्या काठावर चढलेली धान्याची रास. मात्र दंगलीपूर्वीचा संतापही ‘फीव्हर पिच’ गाठतो. तेथे ‘उत्साह शिगेला’ असे लिहिल्यास बातमीचा अर्थच उलटतो.