हिवाळ्यातील लहान संत्री : ओळख, गुण व उपयोग

मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास बाजारात नारिंगी रंगाच्या लहान फळांचे ढीग दिसू लागतात. ग्राहक त्या सर्वांस सरसकट ‘संत्री’ म्हणतो व विक्रेताही बहुधा त्याच नावाने ती विकतो. वस्तुतः या ढिगांत दोन-तीन निरनिराळ्या जातींची फळे असतात व त्यांचे गुणधर्म एकसारखे नसतात. सकाळी काढून ठेवलेला रस सायंकाळी कडू लागला म्हणजे दोष नागपुरी संत्र्यास दिला जातो. मग ते फळ नागपूरचे असो वा नसो. नागपुरी संत्र्यास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेव्हा या नावाखाली काय विकले जाते हे उत्पादक व ग्राहक या दोघांनाही ओळखता येणे अगत्याचे आहे.

जातींची ओळख

ओळखीची मुख्य खूण म्हणजे फळाची साल. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. अंगठ्याच्या दाबाने ती सहज सुटते व आत फोडींच्या मध्यभागी पोकळी आढळते. देठाकडे पुष्कळदा मानेसारखा किंचित उंचवटा व त्यावर बारीक सुरकुत्या असतात. बिया थोड्या, रस गोड व त्यास बेताचा आंबटपणा. नागपूर जिल्ह्यातील काटोल व नरखेड आणि अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी हे तालुके या फळाचे माहेरघर होत. आंबिया बहाराची फळे साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत व मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. आंबिया बहाराची फळे प्रारंभी हिरवट दिसतात. याचा अर्थ ती कच्चीच असतात असा नव्हे. रात्री पुरेशा थंड झाल्याखेरीज सालीतील हरितद्रव्य नाहीसे होत नाही व पिवळा रंग उठून दिसत नाही. मात्र संत्रे हे आंबा किंवा केळ्याप्रमाणे तोडल्यानंतर पिकणारे फळ नव्हे. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच. रंग आणता येतो, गोडी आणता येत नाही.

दुसरे फळ किन्नो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात रिव्हरसाइड येथील संशोधन केंद्रात फ्रॉस्ट या शास्त्रज्ञाने ‘किंग’ व ‘विलो लीफ’ या दोन जातींचा १९१५ साली संकर केला व १९३५ साली ही जात प्रसृत झाली. पंजाबात अबोहर, फाजिल्का व राजस्थानात श्रीगंगानगर या भागांत तिची मोठी लागवड आहे. तेथील फळ डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास आपल्याकडे येते. किन्नोची साल गुळगुळीत, तकतकीत व फळास घट्ट चिकटलेली असते. फळ दोन्ही टोकांस चपटे, रंग गडद, रस विपुल. परंतु बिया पुष्कळ, कित्येकदा वीस-वीस. घट्ट सालीमुळे ते दूरच्या प्रवासात टिकते. नागपुरी संत्र्याची जी साल खाणाऱ्यास सुखाची, तीच वाहतुकीस अडचणीची, हा या दोहोंतील खरा फरक होय.

मोठ्या शहरांत आयात केलेली लहान, बीविरहित फळेही मिळतात. त्यांपैकी क्लेमेंटाइन हे संत्रे व गोड नारिंग यांच्या संकरातून निर्माण झाले असून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अल्जीरियातील एका मठाच्या बागेत ते प्रथम आढळले. सात्सुमा ही जपानमधील जात थंडी चांगली सोसते. कुमक्वात हे तर बोराएवढे फळ. त्याची साल गोड व गर आंबट असल्याने ते सालीसकट खावयाचे असते. आपल्याकडे शोभेसाठी कुंडीत लावलेली जी इवली संत्री दिसतात ती बहुधा कुमक्वात नसून त्याच्या संकरातून झालेली कॅलामॉन्डिन असतात. ती फार आंबट असल्याने लिंबाऐवजी वापरावीत.

येथे बागाईतदारांसाठी एक सूचना. नागपुरी संत्र्याची कलमे जंबेरी अथवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेली असतात. डोळ्याखालून निघालेले खुंटाचे फुटवे वेळीच काढले नाहीत तर तेच वाढून फळास येतात. रंगपूर लिंबाचे फळ रंगाने व सैल सालीने थेट संत्र्यासारखे दिसते, चवीला मात्र झणझणीत आंबट. असे फळ मालात मिसळल्यास व्यापाऱ्याचा विश्वास उडतो. स्वतंत्रपणे मात्र ते सरबत व लोणचे यांस उत्तम.

आहारातील महत्त्व

संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात ‘क’ जीवनसत्त्व सुमारे २७ मिलिग्रॅम असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास रोज ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. म्हणजे दोन लहान फळांतून साधारणपणे निम्मी गरज भागते. पेरू व आवळा यांत हे जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट अधिक आहे, हेही सांगितले पाहिजे. उगाच कोणत्याही फळाची अवास्तव स्तुती करणे बरे नव्हे. तथापि संत्रे मुलांना आवडते, ते कापावे लागत नाही, आणि त्याच्या पिवळ्या रंगद्रव्याच्या काही भागापासून शरीरास ‘अ’ जीवनसत्त्वही मिळते.

त्याचा सर्वांत मोलाचा उपयोग जेवणासोबत होतो. बाजरी, कडधान्ये व पालेभाज्या यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. सोबत ‘क’ जीवनसत्त्व असल्यास ते अधिक शोषले जाते. आपल्या ग्रामीण भागात स्त्रियांत व मुलींत रक्तक्षयाचे प्रमाण मोठे आहे. त्यांनी भाकरी-भाजीच्या जेवणाबरोबर वा लगेच नंतर एक संत्रे खावे व चहा त्या वेळी टाळावा. चहाने लोहाचे शोषण कमी होते.

संत्रे खाल्ल्याने सर्दी होते, या समजुतीमुळे ऐन हंगामात पुष्कळ घरी मुलांना ते दिले जात नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, फळामुळे नव्हे. त्याचबरोबर संत्रे खाल्ल्याने सर्दी टळते हेही खरे नाही. नित्य ‘क’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांची सर्दी किंचित लवकर बरी होते, इतकेच आढळून आले आहे.

फळ शक्यतो फोडींसह खावे. एक पेला रसास तीन-चार फळे लागतात. त्यांतील साखर सर्व पोटात जाते व चोथा गाळणीत राहतो. मधुमेही माणसाने तर रसाऐवजी फळच खावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा, कारण या फळात पोटॅशियम असते.

बारीक फळांचा विनियोग

झाडावर फळे फार लागली, अथवा पाणी व खत कमी पडले, म्हणजे फळ बारीक राहते. असे फळ खाण्यास वाईट नसते, परंतु बाजारात त्यास भाव नाही. बांगलादेशाने २०१९ नंतर आयातशुल्क वेळोवेळी वाढविल्यामुळे विदर्भातील मालाचा एक मोठा मार्ग अरुंद झाला व बारीक फळाची अडचण अधिकच जाणवू लागली. अशा वेळी ते बांधावर टाकून देण्यापेक्षा त्याचे स्क्वॅश करणे श्रेयस्कर. बचत गटांस हे काम सहज जमण्यासारखे आहे.

तोडणीपासूनच काळजी घ्यावी. फळ ओढून तोडल्यास सैल साल देठाजवळ फाटते व तेथून बुरशी शिरते. कात्रीने देठाचा बारीक भाग ठेवून कापावे.

रस काढताना बिया चिरडू नयेत. संत्रावर्गीय रसात मुळात बेचव असलेले एक द्रव्य असते. आम्लाच्या सान्निध्यात त्याचे हळूहळू कडू लिमोनिनमध्ये रूपांतर होते. किन्नोत हा दोष अधिक. बिया व फोडींची साले रगडली गेल्यास कडूपणा वाढतो. म्हणून मिक्सरऐवजी हलक्या दाबाने रस काढावा व ताजा प्यावयाचा असल्यास लगेच प्यावा.

स्क्वॅशसाठी गाळलेला रस १ लिटर, साखर पावणेदोन किलो, पाणी १ लिटर व सायट्रिक आम्ल २५ ग्रॅम घ्यावे. रस आंबट असल्यास आम्ल २० ग्रॅम पुरे. साखर, पाणी व आम्ल यांचा पाक उकळून गाळावा आणि पूर्ण थंड झाल्यावर त्यात रस मिसळावा. गरम पाकात रस ओतल्यास ‘क’ जीवनसत्त्व व स्वाद दोन्ही घटतात. शेवटी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट २ ग्रॅम थोड्या रसात विरघळवून सर्वांत ढवळावे. हे प्रमाण काट्यावर तोलूनच घ्यावे, चिमटीने नव्हे. उकळत्या पाण्यात निर्जंतुक करून वाळविलेल्या बाटल्यांत वर दोन बोटे जागा सोडून भरावे व झाकण घट्ट लावावे. बाटल्या थंड व अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. पिताना एका भागास तीन भाग पाणी घालावे. दमा असलेल्यांना हे परिरक्षक सोसत नाही, यास्तव बाटलीवरील चिठ्ठीत त्याचा उल्लेख अवश्य करावा.