मोटारीचा संगणक बदलावयाचा झाल्यास

आमच्या सभासदांपैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांस अम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचे दिवस आठवत असतील. गाडी धूर ओकू लागली किंवा चढावर दम टाकू लागली की ओळखीचा मिस्त्री बॉनेट उघडी, इंजिनाच्या आवाजाकडे कान देई आणि कार्ब्युरेटरचा एक स्क्रू पाव आटा फिरवून गाडी मार्गी लावी. त्या स्क्रूची जागा आज एका चपट्या, बहुधा ॲल्युमिनियमच्या डबीने घेतली आहे. कारखानदार तिला ‘इंजिन कंट्रोल युनिट’, संक्षेपाने ई.सी.यू., म्हणतात, गॅरेजमध्ये तिचे नाव ‘ई.सी.एम.’ किंवा सरळ ‘कॉम्प्युटर’. ही डबी बिघडली असे मिस्त्रीने सांगितले म्हणजे हिशेब एकदम मोठ्या आकड्यांत जातो, आणि मालकास त्यातले काही कळत नसल्यामुळे मान डोलावण्यावाचून त्यास गत्यंतर राहत नाही. आम्हीही एकदा अशीच मान डोलावली. त्यानंतर जाणत्या कारागिरांजवळ बसून जी माहिती मिळविली ती सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात बेळगावहून गोव्यास जात असता चोर्ला घाटात आमची डिझेल मोटार दोनदा बंद पडली. कशीबशी घाट उतरून एका गॅरेजात आलो. तेथे स्कॅनर लावून पाहण्यात आले आणि ‘कॉम्प्युटर गेला’ असा निकाल पाच मिनिटांत मिळाला. नव्या डबीची किंमत ऐकून आम्ही जुन्या बाजारातून तशीच दिसणारी एक डबी आणविली. ती बसविल्यावर, पूर्वी मधून मधून बंद पडणारी मोटार आता मुळीच सुरू होईना. स्टार्टर फिरे, डॅशबोर्डावर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुके, आणि पुढे काही नाही. अखेर बेळगावच्या एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनने जुनी डबी परत जोडली, बॅटरीखालचा ट्रे काढला आणि गाडीच्या अंगास आवळलेली अर्थची वायर आम्हांस दाखविली. तिचे तोंड हिरव्या कळकाने भरले होते. घासकागद, एक नवे थिंबल आणि थोडे ग्रीस, एवढ्यात काम झाले. जुन्या बाजारातील डबीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

ही फसवणूक होती असे आम्ही म्हणत नाही. ती घाई होती. घाई का महाग पडते हे कळण्यास डबी काय करते ते थोडे पाहिले पाहिजे.

चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असले तर त्यात सेकंदास १०० वेळा इंधन पेट घेते. प्रत्येक वेळी किती इंधन सोडावयाचे आणि नेमके कोणत्या क्षणी, हे ही डबी ठरविते. क्रँकवरील दातेरी चाकासमोर बसविलेला सेन्सर तिला इंजिनाची स्थिती सांगतो. दुसरे सेन्सर हवा किती आली, पाणी किती तापले, चालकाचा पाय किती दाबला गेला ते कळवितात. पेट्रोल इंजिनात एक किलो पेट्रोलास वजनाने १४.७ किलो हवा हे प्रमाण धरावयाचे असते, आणि धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर ते साधले की नाही याची साक्ष देतो. ही विद्या एका दिवसात आली नाही. जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीसाठी इंधन मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काढली. इंधन आणि ठिणगी ही दोन्ही कामे एकाच डबीकडे सोपविणारी ‘मोट्रॉनिक’ यंत्रणा १९७९ साली बी.एम.डब्ल्यू. गाडीत आली. आपल्याकडे धुराचे नियम कडक होत गेले तसतसा कार्ब्युरेटर मागे पडला, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम देशभर लागू झाल्यावर तर या डबीवाचून नवी मोटार रस्त्यावर येणेच अशक्य झाले.

आता मुख्य मुद्दा. ब्रेकचा लायनर किंवा क्लचप्लेट बदलावी तशी ही डबी बदलता येत नाही. तिची तुलना आपल्या पेढीच्या खतावणीशीच करणे सोयीचे होईल. आपण पाडव्यास नवी वही घालतो ती कोरी असते. परंतु मागील वहीतील बाक्या पुढे ओढल्यावाचून तीवर व्यवहार चालेल काय? डबीतही नुसती यंत्रसामग्री नसते. तिच्या स्मरणशक्तीत प्रथम काम करण्याचा कार्यक्रम असतो. त्याच्या जोडीला त्या इंजिनास लागू पडणारे आकड्यांचे तक्ते असतात. एकाच इंजिनाच्या दोन गाड्यांत गिअरबॉक्स निराळा असला तर तेही निराळे. तिसरा मजकूर फक्त आपल्याच गाडीचा: तिचा सतरा अक्षरांकांचा चासी क्रमांक, किल्लीतील चिपशी जुळणारा गुप्त संकेत, आणि आधुनिक डिझेल गाडीत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेला संकेतांक. दोन इंजेक्टर कारखान्यातून तंतोतंत सारखे निघत नाहीत. कोणता किंचित जास्त सोडतो, कोणता कमी, हे त्या संकेतांकावरून डबीस कळते. याखेरीज, इंजिन झिजत जाते तसतशी डबी आपल्या नोंदी थोड्या थोड्या बदलीत असते.

आमच्या मोटारीने जुन्या बाजारातील डबी का नाकारली ते आता ध्यानात येईल. ती दुसऱ्या कोणाची लिहिलेली वही होती. किल्लीतील चिप आणि डबीतील संकेत जुळेना, म्हणून चोरीप्रतिबंधक यंत्रणेने, जिला इमोबिलायझर म्हणतात, इंधन सोडू दिले नाही. तिने आपले काम चोख बजाविले होते.

डबी खरोखर मरत नाही असे नाही. बॉनेटखाली पाणी शिरणे, दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना बॅटरीच्या केबली उलट लावणे, बॅटरी न सोडता गाडीस वेल्डिंग करणे, ही तिच्या मृत्यूची नेहमीची कारणे. आणखी एक कारण कपटी आहे. एखादी इग्निशन कॉइल आतून शॉर्ट होते आणि तिला चालविणारा डबीतील ट्रान्झिस्टर जाळते. कॉइल तशीच ठेवून डबी बदलली तर नवी डबीही त्याच वाटेने जाते.

तथापि निदानाच्या वेळी डबीवर आरोप शेवटी यावा. स्कॅनरवर जो कोड येतो तो तक्रार कोठे नोंदली गेली ते सांगतो, गुन्हेगार कोण ते सांगत नाही. यू०१०० या कोडचा अर्थ ‘इंजिनाच्या डबीशी बोलणे तुटले’ इतकाच. डबी मेली म्हणून तुटले, की तिला वीजच पोहोचत नाही म्हणून तुटले, हे मीटर हाती घेऊनच पाहावे लागते. पी०६०६ हा कोड डबीतील प्रोसेसरविषयी बोलतो खरा. परंतु बॅटरी अशक्त असताना आलेल्या कोडवर विसंबू नये.

प्रथम फ्यूज आणि रिले. मग स्विच चालू ठेवून डबीच्या वीजेच्या पिनांवर बॅटरीइतका दाब येतो की नाही ते पाहणे. त्यानंतर अर्थ, आणि तोही भार असताना: मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी डबीच्या अर्थच्या पिनेवर, आणि स्टार्टर फिरत असता जो आकडा येईल तो व्होल्टचा एक-दोन दशांशाच्या आत हवा. आमच्या गाडीत तो पाऊण व्होल्टाच्या वर गेला होता. नुसती वायर जोडलेली आहे की नाही एवढेच पाहिले असते तर ती निर्दोष ठरली असती.

अनुभवी माणसासही चकविणारा एक प्रकार येथे सांगितला पाहिजे. सेन्सरांना डबी ५ व्होल्टांची वीज पुरविते, आणि बहुधा तीन-चार सेन्सर एकाच पुरवठ्यावर असतात. त्यांतील एक आतून शॉर्ट झाला की पुरवठा बसतो, काही गाड्यांत इंजिन बंद पडते, आणि डबी मेल्यासारखी दिसते. अशा वेळी सेन्सरांचे प्लग एकेक करून काढावे. ज्याचा प्लग काढताच ५ व्होल्ट परत येतात तो दोषी. नव्या डबीच्या किमतीपुढे त्या सेन्सरची किंमत नगण्य असते.

इतके करूनही डबीच दोषी ठरली तर तीन मार्ग असतात: कंपनीची नवी डबी, जुन्याच डबीची दुरुस्ती, किंवा दुसऱ्या गाडीची डबी. दुरुस्तीचा मार्ग पुष्कळदा उत्तम, कारण वही तीच राहते आणि जळलेला भाग तेवढा बदलला जातो. दुसऱ्या गाडीची डबी घ्यावयाची तर वरील चिठ्ठीवरचे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर या दोन्हींचे क्रमांक अक्षरशः जुळले पाहिजेत. आकार आणि प्लग सारखे असणे पुरेसे नाही. काही कंपन्यांच्या डब्या एकदा एका गाडीशी जोडल्या गेल्या की दुसरीशी साध्या उपायाने जुळतच नाहीत. तेव्हा जुन्या डबीचा मजकूर काढून नवीत उतरवावा लागतो. डबीचा वीज सोडणारा भाग जळला तरी स्मरणाची चिप पुष्कळदा शाबूत असते आणि टेबलावर ठेवून ती वाचता येते. म्हणून मेलेली डबी भंगारात देण्याची घाई करू नये.

गेल्या वर्षी आमच्या फोंड्याच्या भाच्याने उलट्या केबली लावून आपली डबी खरोखरच जाळली. या वेळी आम्ही प्रारंभापासून जवळ बसलो. कारागिराने प्रथम जळलेल्या डबीतील मजकूर वाचून दोन ठिकाणी साठविला. मग सर्व किल्ल्या मागविल्या, कारण जी किल्ली त्या वेळी हजर नसेल तिची नोंद पुढे राहून जाण्याचा संभव असतो. गाडीची नोंदणीची कागदपत्रेही त्याने मागून पाहिली. ते आम्हांस आवडले. प्रोग्रॅमिंग सुरू करण्यापूर्वी बॅटरीस स्थिर वीज देणारे यंत्र जोडले, दिवे आणि पंखा बंद करविले, आणि वीज जाण्याची वेळ तर नाही ना याची शेजारी चौकशी केली. नवा कार्यक्रम भरला जात असताना दाब कोसळला तर वही अर्धी पुसलेली आणि अर्धी लिहिलेली राहते, आणि धडधाकट डबी निकामी होऊ शकते. तेवढा वेळ दारही उघडू नका, असे त्याने भाच्यास बजाविले.

कार्यक्रम भरून झाल्यावर चासी क्रमांक, किल्ल्या आणि चारही इंजेक्टरांचे संकेतांक भरण्यात आले. संकेतांक त्याने इंजेक्टरांच्या डोक्यांवरून स्वतः वाचून ताडून पाहिले. ते सिलिंडरांच्या क्रमाने न भरल्यास इंजिन आचके देते आणि धूर सोडते, आणि मग निष्कारण इंजेक्टर बदलले जातात.

याच वेळी त्याने विचारले की, गाडीची ताकद वाढविणारी फाइल भरू काय? धूर गाळणाऱ्या फिल्टरची नोंदही काढून टाकता येते, असे म्हणाला. आम्ही नको म्हटले. डबीतील मजकुराचे मोल किती हे फोक्सवॅगन प्रकरणाने जगास दाखविले आहे: तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारा कार्यक्रम डबीत घातल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आले, आणि जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्या त्यात गुंतलेल्या निघाल्या. आपल्या गाडीत असा बदल झाला तर जाब गाडीच्या मालकास द्यावा लागेल. फाइल भरणारा तोपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो.

मोटार पहिल्याच फेऱ्यास सुरू झाली. इंजिन प्रथम किंचित अस्थिर वाटले; नवी डबी सवयीची होईपर्यंत असे होते, असे कारागिराने सांगितले, आणि म्हापशापर्यंत जाऊन येईतो ते निवळलेही. परत आल्यावर त्याने पुन्हा स्कॅनर लावून कोड उरला नाही याची खात्री केली. बिलावर नव्या डबीचे दोन्ही क्रमांक लिहून घेतले. जुनी डबी आणि तिचा मजकूर साठविलेला पेनड्राइव्ह भाच्याने आता गाडीच्या कागदपत्रांसह तिजोरीत ठेवला आहे. आणि बॅटरीच्या लाल केबलीस त्याच्या आईने ठसठशीत लाल कापड बांधून ठेवले आहे.