अर्ध्या दिवसाचं सेवाग्राम

सेवाग्राम आश्रमाला तिकीट नाही. चपला बाहेर काढायच्या, बापूकुटीच्या ठेंगण्या दारातून वाकून आत जायचं, बाहेर आल्यावर टेलिफोनची लाकडी खोकी पाहायची, साप धरून लांब सोडण्यासाठी केलेला चिमटा पाहून पोरांनी हसायचं आणि बाईंनी ‘हात नको लावू’ म्हणायचं. तासाभरात सहलीची बस पवनारकडे वळते. तिथून गीताई मंदिर, शेजारचा विश्वशांती स्तूप, आणि उन्हं कलायच्या आत नागपूरचा रस्ता. नागपूर पाऊणशे किलोमीटरवर, त्यात आता समृद्धी महामार्ग. मुक्काम करायला कारण काय? वर्ध्याच्या वाट्याला येतात चहा, समोसे आणि फार तर गोरस भंडारातला गोरसपाक.

मधूनमधून कुणीतरी ‘शांती पर्यटन’ हा शब्द काढतं, आणि मग वर्ध्याचं नाव हटकून निघतं. साहजिक आहे. अहिंसेच्या चळवळीचा एवढा ऐवज दहा-बारा किलोमीटरच्या टापूत दुसऱ्या कुठल्या लहान शहराकडे असेल? पण या ऐवजावर शहराचं पोट भरतं का, हे पाहायला म्हणून इकडे आलो.

इतिहास सगळ्यांनी शाळेत वाचला आहे, त्यामुळे भरभर. साबरमती सोडलेले गांधीजी जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून १९३४ मध्ये वर्ध्यात स्थायिक झाले. १९३६ मध्ये शेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. संतांच्या शेगावची टपाल इकडे आणि इकडची तिकडे होऊ लागल्यावर गावाचं नाव सेवाग्राम झालं. १९३७ मध्ये वर्ध्यात नई तालीमची परिषद भरली. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यसमितीनं इंग्रजांनी भारत सोडावा हा ठराव वर्ध्यातच केला. गांधीहत्येनंतर दीड-एक महिन्यात, मार्च १९४८ मध्ये, नेहरू, विनोबा आणि इतर मंडळी ‘आता पुढं काय’ म्हणून सेवाग्रामलाच जमली आणि त्यातून सर्वोदय समाज उभा राहिला. १९४९ च्या डिसेंबरात जगभरचे युद्धविरोधी कार्यकर्ते आधी शांतिनिकेतनला आणि मग सेवाग्रामला आले. त्याच १९४९ साली जपाननं खास कायदा करून हिरोशिमाला शांती स्मारक शहर ठरवलं. हिरोशिमाचं पुढं काय झालं ते जग जाणतं. सेवाग्रामच्या रेल्वे स्टेशनाला, जे पूर्वी वर्धा पूर्व होतं, नाव तेवढं मिळालं.

आश्रमाबाहेर एका झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ भेटले. धोतर, बंडी, कानात बिडी. आसपासच्या गावांतली मातीची घरं ‘फेरणं’ हा त्यांचा जन्माचा धंदा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं: इकडे कौलाला कवेलू म्हणतात, आणि मृगाच्या आधी छपरावरचे सगळे कवेलू उतरवून, झाडून, फुटके बाजूला काढून पुन्हा रचतात. ते घर फेरणं. बापूकुटीसारख्या घराला हे चुकत नाही. गांधीजींची अटच होती की घर गावात मिळणाऱ्या सामानाचं आणि गावातल्या माणसांनी बांधलेलं हवं. गावातलं सामान म्हणजे माती, बांबू, लाकूड आणि कवेलू. त्यामुळे घर स्वस्तात झालं, पण दरवर्षी हात मागू लागलं.

म्हाताऱ्यानं एक कवेलू उचलून दाखवला. अर्धगोल, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता. “हा पालथा, हा उताना,” म्हणत त्यानं जमिनीवरच चार कवेलू रचले. उताण्या ओळीतून पाणी वाहतं, पालथी ओळ दोन उताण्यांची सांध झाकते. मध्ये ना खिळा, ना सिमेंट. सगळा भार एकमेकांवर. “कवेलू बोटानं वाजवून पाहा लागते भाऊ. खणखण वाजला तं पक्का भाजला. भद्द वाजला तं पहिल्याच पावसात गळते.” त्यानं वाजवून दाखवला. मी वाजवला. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

भिंतींचंही तसंच. काळी माती एकटी चालत नाही, भेगाळते. तीत कुटार, म्हणजे भुसा, आणि शेण घालायचं, भिजवायचं, पायानं तुडवायचं, मुरू द्यायचं आणि मग हातानं लिंपायचं. थापी नाही, तळहात. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननं मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. पाहणारा कौतुक करून पुढं जातो; पण दर लिंपणाला ती चित्रं न बुजवता भोवतीनं हात फिरवणं किती जिकिरीचं असेल, हे म्हाताऱ्यानं हवेत हात फिरवून सांगितलं तेव्हा कळलं.

“सगळ्यात मोठा दुश्मन कोण?” मी विचारलं. मला वाटलं पाऊस म्हणेल, किंवा उधई.

“माकडं,” तो म्हणाला. “वानरं येते, छपरावर कुदते, पन्नास कवेलू एका दुपारी खल्लास. आतमधले तीन शहाणे हायेत, वरचे नाही.”

आणि कवेलू आणायचे कुठून? कुंभारांनी भट्ट्या बंद केल्या. गावात स्लॅब आले, टिना आल्या. जुनं घर पडलं की तिथले कवेलू उतरवून आणायचे, हा एक मार्ग. म्हाताऱ्याचा मुलगा नागपुरात टाइल्स बसवतो. “त्याची टाइल एकदा बसली का बसली. माह्यं काम दरसाली.” तक्रार होती की अभिमान, ते काही ठरवता आलं नाही.

म्हाताऱ्याचं हे गणित वर्ध्याला नीट लागू पडतं. शहराला शांतीच्या चळवळीनं जे दिलं, ते दरसालच्या कामातून दिलं. एकदा बसवून मोकळं होण्यातून नाही. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचं काम मांडलं. तिथलं मगन संग्रहालय १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलं, आणि आजही तिथं नैसर्गिक रंगांतली खादी मिळते. जमनालालजींनी अखेरचे दिवस गोसेवेला दिले. गाईच्या तुपातला गोरसपाक त्याच विचाराच्या वाटेवरचा, आणि वर्ध्याहून परतणाऱ्याच्या पिशवीत तोच असतो. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं, ज्याच्या नव्या विद्यार्थ्यांना आजही सुरुवातीला आश्रमाच्या शिबिरात राहावं लागतं.

एका ऑटोवाल्यानं याचा हिशेब एका वाक्यात मांडला. “सहलवाले आपल्या गाडीनं येते, आपल्या गाडीनं जाते. आपलं गिऱ्हाईक म्हणजे दवाखान्याचं अन् शिबिराचं.” शिबिराचं गिऱ्हाईक गरीब असतं, हे त्यानं लगेच जोडलं. झोळीवाले, भाड्यात दोन रुपयांवरून घासाघीस करणारे. पण ते आठ-आठ दिवस राहतात, पुन्हा येतात, येताना आणखी दोघांना घेऊन येतात.

शहरातल्या एका लॉजच्या मालकाचं म्हणणं थोडं वेगळं. धंदा ऑक्टोबर ते जानेवारी. म्हणजे गांधीजयंतीला सुरू आणि पुण्यतिथीला आटोपता. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा इथं अहिंसाही कुणी पाहायला येत नाही. भरीला जिल्ह्यात दारूबंदी. “पाव्हणे दोन गोष्टी विचारतात. एसी आहे का, हे मोठ्यानं. दुसरं हळूच.” त्याला सगळ्यात आठवतं ते फेब्रुवारी २०२३ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. त्याच वेळी गावात विद्रोही संमेलनही होतं. भांडणारे दोन्हीकडचे, खोल्या मात्र सगळ्यांनाच हव्या होत्या. वाद घालायला आलेला माणूस मुक्काम करतो, नुसता पाहायला आलेला करत नाही, हे लॉजमालकाच्या वहीतही दिसत असणार.

या टापूतली एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९३३ मध्ये निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्षू वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. हातात डफासारखं वाद्य आणि तोंडी एक मंत्र. गांधीजी त्यांना ‘गुरुजी’ म्हणू लागले, तेच नाव चिकटलं, आणि तो मंत्र आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत जाऊन बसला. हिरोशिमा-नागासाकीनंतर फुजी गुरुजींनी देशोदेशी शांती स्तूप उभारण्याचा ध्यास घेतला. वर्ध्याचा पांढरा स्तूप त्याच मालिकेतला. शेजारी गीताई मंदिर: ना छप्पर, ना मूर्ती, दगडी शिळांवर विनोबांची गीताई कोरलेली, आणि शिळांच्या भिंतीचा आकार गाईचा आणि चरख्याचा. सहलीच्या पोरांना तो आकार कळत नाही, कारण तो वरून पाहावा लागतो आणि तिथं सांगायला कुणी नसतं. पवनारला धाम नदीकाठच्या विनोबांच्या आश्रमात तसंच. आश्रमाची जमीन खणताना विनोबांच्या हाती भरत-रामाची मूर्ती लागली, ही गोष्ट तिथल्या बहिणींपैकी कुणी सांगितली तर माणूस अर्धा तास हलत नाही. नुसती पाटी वाचली तर दोन मिनिटांत नदीवर पाय धुवायला जातो.

गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्तानं सेवाग्राम विकास आराखडा आला. सभागृह झालं, भव्य चरखा झाला, भंगार लोखंडातून गांधी-विनोबांचे मोठाले पुतळे झाले. पुतळे वाईट नाहीत. त्यांच्यापुढे सेल्फीला गर्दी असते. पण २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करायला जुनी डेरेदार झाडं तोडायला घेतली, तेव्हा गावकरी आणि कार्यकर्ते झाडांखाली उभे राहिले आणि तोड थांबली. शांतीच्या गावात पर्यटकांना लवकर पोचवायचं म्हणून झाडं कापायची, आणि ती वाचवायला सत्याग्रह करावा लागायचा! एवढ्या प्रशस्त रस्त्यानं माणूस लवकर पोचतो, तसा लवकर परतही जातो.

मग शांतीच्या कामानं लहान शहराचं पर्यटन वाढतं का? वर्ध्याचं उत्तर माझ्या मते असं: वाढतं, पण काम चालू असेल तर. ताजमहालाला माणूस एकदा जातो, ती जागा पाहण्याचीच. सेवाग्राम मुळात पाहायला फार थोडं आहे. मातीची भिंत, चटई, बैठक. तिथं करायला खूप आहे, आणि करायला लावलं तरच माणूस थांबेल. सूत काता, मगनवाडीत कापड रंगवा, पहाटेच्या प्रार्थनेला बसा, आणि मेच्या अखेरीस हिंमत असेल तर त्या म्हाताऱ्याच्या हाताखाली एक घर फेरा. या शेवटच्या कामासाठी लोक पैसे देऊन येतील, असं मी त्याला म्हटलं. त्यानं मला खालून वर न्याहाळलं. “पैसे देऊन येऊन माहे कवेलू फोडन,” तो म्हणाला. मग थोडा विचार करून विचारलं, “किती देतीन?”

आराखडा करणाऱ्यांनी पुढच्या बैठकीला त्याला बोलवावं. दर तोच ठरवेल.