दुखणे खांद्याचे, मूळ बेटकुळीचे

खांदा दुखू लागला की ‘फ्रोझन शोल्डर झालाय’ हे निदान बहुधा घरातच होऊन जाते. मग शेजारी सांगतात तो व्यायाम सुरू होतो: भिंतीवर बोटे चढवत हात वर नेणे. काहींचे दुखणे त्याने उलट वाढते. अशांना ‘एका बोटाने जागा दाखवा’ म्हटले, तर बोट खांद्याच्या बरोबर पुढच्या बाजूला जाते. कळ तिथून दंडावरून कोपराकडे उतरते.

हे दुखणे बेटकुळीच्या कंडरेचे असू शकते. बेटकुळी म्हणजे बायसेप्स हा स्नायू वरच्या बाजूला दोन कंडरांनी हाडाला बांधलेला असतो. त्यातली लांब कंडरा दंडाच्या हाडावरील अरुंद खाचेतून वर चढते आणि थेट सांध्यात शिरते. रहाटावरचा दोर जसा एकाच जागी घासून विरतो, तशीच ही. छताला रंग देणारे, ओझी उचलणारे हमाल, गोलंदाज, जलतरणपटू यांना हा त्रास अधिक. चाळिशीनंतर मात्र माळ्यावरचे डबे काढण्याचे निमित्तही पुरते. पुष्कळदा शेजारच्या ‘रोटेटर कफ’च्या कंडराही झिजलेल्या असतात, म्हणून त्याही तपासाव्या लागतात.

फ्रोझन शोल्डरमध्ये सांधाच आखडतो. दुसऱ्याने हात उचलला तरी तो वर जात नाही. कंडरेच्या दुखण्यात तो दुखत का होईना, बराचसा वर जातो. भरलेली बादली उचलताना किंवा उजव्या हाताने स्क्रू आवळताना पुढे कळ येणे, ही आणखी एक खूण. शंका राहिली तर सोनोग्राफी उपयोगी पडते. एमआरआय सर्वांनाच लागत नाही. चालताना डावा खांदा भरून येत असेल, सोबत घाम किंवा धाप असेल, तर मात्र आधी ईसीजी.

जुन्या दुखण्यात सूज थोडी आणि झीज जास्त असते. त्यामुळे वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाऊन कंडरा सुधारत नाही, मूत्रपिंड व जठराला मात्र त्रास होतो. जोरदार मालिशही नको. डोक्यावरची कामे काही आठवडे थांबवावीत, पण हात झोळीत अडकवून ठेवू नये. मधुमेहींचा खांदा त्याने खरोखरच आखडू शकतो. कळ ओसरली की फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आधी पाठीच्या फऱ्याचे स्नायू बळकट करावेत. मग अर्धा लिटर पाण्याची बाटली घेऊन कोपर वाकवणे सुरू करावे आणि वजन हळूहळू वाढवावे. दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला, तर वजन जास्त झाले असे समजावे. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. नेमका इथेच धीर सुटतो आणि ‘इंजेक्शन द्या’ असा आग्रह होतो. स्टिरॉइडचे इंजेक्शन कंडरेभोवतीच्या आवरणात द्यायचे असते, खुद्द कंडरेत नव्हे. ते वारंवार घेतल्यास कंडरा दुबळी होते, शिवाय मधुमेहींची साखर काही दिवस चढते.

कधी विरलेली कंडरा ‘कट्’ असा आवाज होऊन तुटते. बेटकुळी कोपराकडे घसरून पॉपायसारखा गोळा दिसतो आणि घरचे घाबरतात. गंमत अशी, की आधीचे दुखणे तेव्हा बऱ्याचदा कमी होते. दुसरी, आखूड कंडरा शाबूत असल्याने हात चालतो. उतारवयात शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. अंगमेहनतीवर पोट असलेल्या तरुणाने मात्र त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा, कारण उशीर झाला की स्नायू आक्रसतो आणि कंडरा पुन्हा हाडाला जोडणे अवघड होते.