हनुवटीतलं फिलर आणि त्याचा उतारा

हनुवटी जरा मागे असेल तर ऑपरेशन न करता पुढे आणता येते का? थोडीफार येते. त्यासाठी बहुतेक वेळा जे जेल टोचतात ते हायलुरॉनिक ॲसिडचं असतं. नावाला घाबरू नका, हे जाळणारं ॲसिड नव्हे. साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी आहे ती, आणि तुमच्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत आत्ताही आहे. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ती गुरांच्या डोळ्यातून पहिल्यांदा वेगळी केली.

पण शरीर ती फार काळ ठेवत नाही. सत्तर किलोच्या माणसात ती साधारण १५ ग्रॅम असते आणि त्यातली जवळजवळ एक तृतीयांश रोज मोडून नव्याने बनते. मग फिलर वर्षभर टिकतं कसं? कारखान्यात या साखळ्यांना एकमेकींशी टाके घातलेले असतात, त्यामुळे ती उसवायला वेळ लागतो. हनुवटीत हे जेल खोल, हाडालगत सोडतात.

आता खरी मेख. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढचा रक्तपुरवठा तुंबतो. त्वचा पांढरी पडते, मग जाळीदार निळसर होते, दुखतं. नाकाजवळ किंवा कपाळावर असं झालं तर डोळासुद्धा जाऊ शकतो. हनुवटीत हा धोका कमी, पण शून्य नाही.

यावरचा उतारा म्हणजे हायलुरॉनिडेज हे विकर. ते या साखळ्या कापतं. गंमत बघा, हेच विकर नाग-घोणसाच्या विषातही असतं. पेशींमधला हा चिकट गर ते मोडतं आणि विषाला पसरायला वाट करून देतं. आम्हा शिवडीकरांच्या शेजारी, परळच्या हाफकिन संस्थेत, सर्पविषावर पिढ्यानपिढ्या काम झालंय; त्या विषातलाच एक कामगार इथे औषधाच्या कुपीत बसलाय! (औषधातलं विकर मात्र सापाचं नसतं, बहुधा मेंढ्या-गुरांपासून काढतात.) मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भूल नीट पसरावी म्हणूनही ते वापरतात.

म्हणून किंमत विचारण्याआधी हे विचारा: टोचणारी व्यक्ती डॉक्टर आहे का, आणि हायलुरॉनिडेजची कुपी आत्ता, इथेच, फ्रिजमध्ये आहे का? "मागवून घेऊ" हे उत्तर चालणार नाही, कारण हातात काही तासच असतात. फिलर कोणतं, हेही विचारा. सिलिकॉनसारख्या कायमस्वरूपी पदार्थावर हे विकर काहीच करत नाही. माझ्या मते तरी "कायम टिकतं" ही जाहिरात ऐकली की उठून यावं.

आणि मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी अंगावर मोठी रिॲक्शन आली असेल तर तेही आधी सांगा. त्यांच्या विषातही हायलुरॉनिडेज असतं, त्यामुळे उताऱ्याचीच ॲलर्जी निघू शकते.